वाचतात घडाघडा, ‘का’ विचारलं की गप्प

पत्र: ‘नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. तिसरी-चौथी माझ्याकडं एकत्र आहे. बहुतेक लेकरं घडाघडा वाचतात. “राजूनं जाताना काय घेतलं?” विचारलं की लगेच “छत्री”. पण “त्या दिवशी आभाळ कसं असेल?” विचारलं की एकमेकांकडं बघत बसतात, नाहीतर “बाई, धड्यात दिलंच नाही” म्हणतात. जी बोलतात ती काहीच्या काही सांगतात. मुख्याध्यापकांनी अशा प्रश्नांच्या स्वाध्यायपत्रिका झेरॉक्स करून दिल्या. महिनाभर सोडवून घेतल्या, फरक शून्य. चार-पाच लेकरं अजून अक्षराला अक्षर जुळवून वाचतात. त्यांना यात घ्यावं की आधी त्यांचं वाचन पक्कं करावं? या लेकरांना अंदाज बांधताच येत नाही, असं माझं मत होत चाललंय.’

ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण पत्रातलं तेवढं एकच मला पटलेलं नाही. दारात अनोळखी चपला दिसल्या की घरात पाहुणे आलेत, हे तुमच्या तिसरीतल्या लेकराला कळतं. आईनं भांडी जरा जोरात ठेवली की आज तिच्याकडं पैसे मागायचे नाहीत, हेही कळतं. दसऱ्याच्या आसपास मुकादमाची मोटारसायकल दारात लागली की आता आपली शाळा सुटणार, हे ऊसतोड घरातलं पोर कुणी न सांगता ओळखतं. अंदाज बांधण्यात ही लेकरं कुणाच्या मागं नाहीत. घोळ इतकाच आहे, की धडा वाचतानाही ही अक्कल चालवायची असते हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. उलट ती चालवायची नसते, असंच आपण शिकवत आलोय.

बघा ना, पहिलीपासून आपले प्रश्न कोणते? रिकाम्या जागा भरा. कोण कोणास म्हणाले? एका वाक्यात उत्तरे लिहा. सगळ्यांची उत्तरं ओळीत असतात. बोट ठेवायचं आणि उतरवून काढायचं. काही चलाख पोरं तर धडा न वाचताच प्रश्नातला शब्द धड्यात हुडकतात, ते वाक्य वहीत उतरवतात आणि पाचपैकी पाच घेतात. हा खेळ तीन वर्षं खेळलेल्या लेकराला तुम्ही एके दिवशी विचारता, आभाळ कसं असेल? त्यानं ‘धड्यात दिलंच नाही’ म्हणणं खेळाच्या नियमाला धरूनच आहे. रागावू नका त्याला.

त्यात निपुण भारत. लहान इयत्तांतल्या लेकरांचं वाचन-गणित पक्कं व्हावं म्हणून केंद्र सरकारनं २०२१ च्या जुलैत ते अभियान सुरू केलं. तिसरीच्या लेकरानं मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत, आणि तेही अर्थ समजून, असं त्यात म्हटलंय. यातला पहिला भाग मोबाइलच्या घड्याळावर मोजता येतो, दुसरा येत नाही. मग वरून माहिती कशाची मागवली जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. लेकरू साठच्या पुढं गेलं की टाळ्या वाजतात, ते खाली बसतं आणि त्यानं काय वाचलं हे विचारायचं राहून जातं.

आता वर्गात काय करायचं ते.

‘आभाळ कसं असेल’ हा मोठा अंदाज झाला. त्याच्या आधी प्रत्येक ओळीत बारीक सांधे जुळवावे लागतात, आणि ते इतके बारीक असतात की आपल्याला दिसतही नाहीत. उद्या फळ्यावर एवढंच लिहा:

राधानं शेळीपुढं बादली ठेवली. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. ‘काल त्यात फिनेल होतं गं,’ आई म्हणाली.

विचारा, तोंड कुणी फिरवलं? काही जण खात्रीनं ‘राधानं’ म्हणतील, कारण नाव तिचंच आधी आलंय. कुणीतरी ‘शेळीनं’ म्हणेल. त्याला विचारा, कशावरून? ‘बादली शेळीपुढं ठेवली ना, बाई!’ झाला एक सांधा. आता विचारा, बादलीत काय होतं? अख्खा वर्ग म्हणेल, पाणी. मग खडू हातात द्या आणि सांगा, ‘पाणी’ या शब्दाखाली रेघ ओढ. लेकरू फळ्यापाशी जाईल, तिन्ही वाक्यं दोनदा वाचेल आणि वळून तुमच्याकडं बघेल. तो शब्द तिथं नाहीच. पाणी लेकरांनी स्वतःच्या डोक्यातून बादलीत ओतलं, आणि ओतलं नसतं तर गोष्ट पुढं सरकली नसती. ‘धड्यात नसलेलं सांगायला परवानगी आहे’ हे त्यांना तिथं जेवढं कळेल, तेवढं महिनाभराच्या झेरॉक्समधून कळायचं नाही.

ब्रिटनमधल्या जेन ओकहिल आणि केट केन यांनी अशाच मुलांचा, म्हणजे वाचन अस्खलित पण समज कमी अशांचा, बरीच वर्षं अभ्यास केलाय. ही मुलं अडतात ती बहुतेक करून याच बारीक सांध्यांपाशी: ‘ती’ म्हणजे कोण, हे वाक्य मागच्या वाक्याला का जोडलंय. १९८८ मध्ये निकोला युइल आणि ओकहिल यांनी अशा लहान मुलांना एकेका शब्दावरून काय काय कळतं ते शोधायला आणि मजकुरावर स्वतःच प्रश्न काढायला शिकवलं. नुसता भरभर वाचण्याचा सराव केलेल्या मुलांपेक्षा त्यांची समज जास्त सुधारली. तेव्हा वेग वाढवून हे दुखणं बरं होत नाही, एवढं तुम्ही पुढच्या शिक्षण परिषदेत बिनधास्त सांगू शकता.

तो ‘कशावरून?’ मात्र जपून वापरा. बरोबर उत्तर आलं तरी तो विचारायचाच. फक्त चुकीच्या उत्तराला विचारलात तर दोन दिवसांत लेकरं हेरतात, की बाई ‘कशावरून’ म्हणाल्या म्हणजे आपलं चुकलं, आणि झटकन उत्तर बदलतात. (हाही त्यांचा अंदाजच. आणि अचूक!)

सांधे जमायला लागले की मोठा उतारा घ्या, पण एकदम सगळा उघडा करू नका. एकेक ओळ लिहायची, थांबायचं. हा तुमच्या भागासाठी केलाय:

सकाळचे नऊ वाजले होते. गल्लीतल्या सगळ्या दारांना कुलपं होती. पारावर चिटपाखरू नव्हतं.

इथं थांबा. काय झालं असेल? ‘उसाला गेलेत.’ ‘लग्नाला गेलेत.’ ‘कुणीतरी वारलं असंल.’ सगळं फळ्याच्या कडेला लिहून ठेवा. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका, कारण लेकरं फळा कमी आणि तुमचं तोंड जास्त वाचतात.

दोन कुत्री उन्हात अंग ताणून पडली होती.

ही ओळ लेकरं सोडून देतील. इथं तुम्ही स्वतः मोठ्यानं विचार करून दाखवा. ‘कुत्रं उन्हात कशाला पडलंय? उन्हाळ्यात ते सावली बघतं, मोरीच्या ओल्यात जाऊन बसतं. म्हणजे थंडीचे दिवस दिसतात. मग आपल्या यादीतलं काय काय टिकतं?’ ऊस टिकतो, तोड थंडीतच जोरात असते. लग्न जरा मागं सरकतं, पण पुसायचं नाही, दिवाळीनंतरही लग्नं असतात. असं हळूहळू, अडखळत, ‘थांबा हं, मागची ओळ परत वाचते’ म्हणत बोला. वाचताना मोठ्या माणसाच्या डोक्यात काय चालतं, हे लेकरांना कधी ऐकायलाच मिळत नाही. त्यांना वाटतं, बाईंना उत्तर आधीच ठाऊक असतं.

कोपऱ्यावरच्या घरात तेवढी आजी होती. गुडघ्यांमुळं तिला चालवत नव्हतं. रात्रभर पेटलेली चूल अजून गरम होती आणि घरात भज्जीचा वास भरून राहिला होता.

आता कालवा होईल. ‘येळवस! येळवस, बाई!’ होऊ द्या. पण ज्यानं ऊस म्हटलं होतं तो कदाचित हटून बसेल: उसाला जातानाही रात्रभर भाकरी करत्यात, म्हातारी माणसं मागं राहत्यात. त्याचं काहीही चुकलेलं नाही. उलट त्यानं तीन ओळी बरोबर धरून ठेवल्यात. भज्जी तेवढी त्याच्या अंदाजात नीट बसत नाही, हे बाकीच्यांनी त्याला सांगावं, तुम्ही नको. मग शेवटची ओळ:

दिवेलागणीला बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, तशी आजी दारात येऊन उभी राहिली.

त्याच दिवशी परतले म्हणजे ऊस गेला. तो त्या पोरालाच पुसायला सांगा. आणि हेही सांगा, की पहिल्या ओळीला ऊस हेच सगळ्यात चांगलं उत्तर होतं. नव्या ओळीनं जुना अंदाज मोडला तर त्यात कमीपणा नसतो, हे ज्या वर्गात लेकरांना कळतं तिथं हात वर यायला लागतात. तुमच्या वर्गात लेकरं गप्प का आहेत, याचं निम्मं उत्तर मला इथंच दिसतं.

हाच उतारा मुंबईच्या चौथीला द्या. मिनिटाला शंभर शब्द वाचणारं पोर तिसऱ्या तुकड्यापाशी थांबेल. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-धाराशिवकडं अख्खं गाव भज्जी (पालेभाज्या-दाण्यांची मिसळ भाजी) आणि आंबील घेऊन रानात जेवायला जातं, लातूर शहरातले रस्तेसुद्धा ओस पडतात, हे त्याला माहीतच नाही. मग भज्जीच्या वासावरून ते काय ओळखणार? भजी तळली असतील म्हणेल.

अमेरिकेत १९८८ मध्येच डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल कोळून प्यायलेली मुलं तो डाव नीट मांडून दाखवू शकली. वाचनात पक्की पण बेसबॉलचा गंध नसलेली मुलं त्यांच्या मागं राहिली. म्हणून ‘अनुमान’ नावाचा वेगळा तास लावून भागत नाही. ज्या विषयातलं लेकराला काहीच ठाऊक नाही, त्यात ते काय जोडणार? ‘ओहोटी लागली तशी पोरं टोपल्या घेऊन पळाली.’ का पळाली? औशाच्या लेकराला हे कुठून यावं! समुद्राचं पाणी मागं हटतं आणि वाळूत शिंपल्या उघड्या पडतात, हे आधी सांगा, मोबाइलवर ओहोटी दाखवा, मग धडा उघडा. परिसर अभ्यासात जे शिकवता, त्याचा उपयोग इथं होतो. भाषेच्या तासाला ‘हा विषय आपला नाही’ म्हणू नका.

आणि याची दुसरी बाजू. पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात गावी आलेलं पोर वर्गात ‘मागं पडलेलं’ म्हणून शेवटच्या रांगेत बसतं. त्यानं साखर कारखाना पाहिलाय, कोल्हापूर-साताऱ्याकडची नाहीतर कर्नाटकातली गावं पाहिलीत, आईबरोबर उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) बांधलंय. फडावरचा चार ओळींचा उतारा फळ्यावर लिहा आणि बघा कोण कुणाला समजावून सांगतं.

‘काहीच्या काही’ उत्तरांचं बोलू. नमुना पाठवला असतात तर बरं झालं असतं, कारण यातली बरीचशी उत्तरं तितकी वेडीवाकडी नसतात. समजा असा उतारा आहे:

किराणा दुकान जवळ आलं तशी आबांनी मान खाली घातली आणि ते रस्त्याच्या पलीकडून चालू लागले. ‘आबा, गोळ्या?’ बंडूनं विचारलं. ‘येताना घेऊ,’ आबा म्हणाले. येताना ते रानातल्या वाटेनं आले.

आबा असं का वागले? एक जण म्हणेल, उधारी थकली असेल. दुसरा म्हणेल, दुकानदाराशी भांडण झालंय. तिसरी म्हणेल, गोळ्यांनी दात किडतात म्हणून. गाईडात पहिलं उत्तर छापलेलं असेल आणि बाकी दोन्हींवर काट. तसं करू नका. तिघांनाही विचारा, कशावरून. उधारीत चारही गोष्टी बसतात: खाली घातलेली मान, पलीकडचा रस्ता, पुढं ढकललेल्या गोळ्या, रानातली वाट. भांडणात तीन बसतात. मानेपाशी जरा अडतं, कारण भांडलेला माणूस मान ताठ ठेवून जातो, असं कुणीतरी म्हणेलच. शक्य आहे, पण ढिलं आहे. दातांच्या उत्तरात फक्त गोळ्या बसतात. त्या पोरीला एवढंच विचारा, ‘मग आबा रानातून का आले?’ ती स्वतःच उत्तर मागं घेईल. तिनं विचार केला नव्हता असं नाही, एकच खूण उचलली होती. लेकरांची बहुतेक ‘काहीच्या काही’ उत्तरं अशी एका खुणेवर उभी असतात. उरलेल्या खुणा त्यांच्यापुढं ठेवणं, एवढंच आपलं काम.

इथं एक सांभाळा. उधारीचं उत्तर सगळ्यात आधी कुणाला सुचेल, तर ज्याच्या घरी उधारी आहे त्याला. ते लेकरू कदाचित सांगेल, कदाचित मुद्दाम गप्प बसेल. ‘तुझ्याही घरी असं होतं का रे?’ हे चुकूनही विचारू नका. बंडूच्या आबांबद्दल बोलत राहा. दुसऱ्याच्या आबांआडून बोलता येतं, म्हणून तर गोष्टी असतात. लेकरानं आपणहून घरचं काही सांगितलं तर ऐकून घ्या आणि परत फळ्याकडं वळा. त्याहून गंभीर काही निघालं तर ते मधल्या सुट्टीत, एकट्याशी.

अक्षर जुळवणाऱ्या चार-पाच लेकरांना बाहेर ठेवू नका. शब्द वाचता येणं आणि ऐकलेलं समजणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकमेकांसाठी थांबत नाहीत, थांबवूही नयेत. वरचे सगळे उतारे तुम्ही वाचून दाखवले तरी चालतात. त्या लेकरांचे कान आणि डोकं तिसरीतलंच आहे. कुत्र्याची खूण कदाचित त्यांच्यातलंच एखादं सगळ्यांत आधी पकडेल. त्यांचा अक्षरओळखीचा सराव रोज वेगळा घ्या, न चुकता. पण ‘आधी वाचायला शीक, मग विचार कर’ म्हणाल तर पाचवीत त्यांना कसंबसं वाचता येईल आणि विचार करायची सवय तोवर गेलेली असेल.

वेळेचं म्हणाल तर यासाठी वेगळी तासिका लागत नाही. खिचडी शिजेपर्यंतची दहा मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा, पुष्कळ झाली. प्रत्येक धड्याला मात्र हे लावू नका. छान गोष्ट असेल तर ती आधी एका दमात, कुठंही न थांबता वाचून दाखवा. दर ओळीला ‘कशावरून’ विचारलं तर गोष्टीचा पार चोथा होतो, आणि लेकरं पुस्तकाला हात लावेनाशी होतात.

राहिल्या मुख्याध्यापकांच्या स्वाध्यायपत्रिका. फेकू नका, उगाच वाद नको, त्यांनी कळकळीनं दिल्यात. त्यातले प्रश्न वाईट नसतीलही. फक्त उत्तरापुढची एक ओळीची रिकामी जागा लेकराला सांगते, की इथं एकच उत्तर आहे आणि ते बाईंकडं आहे. त्या जोडीजोडीनं तोंडी सोडवायला द्या, लिहायचं फक्त ‘कशावरून’ एवढंच. आणि मागची बाजू कोरी असेल तर ती लेकरांना द्या. चार ओळींत असं काहीतरी लिहा म्हणावं, ज्यातली एक गोष्ट लपवलेली आहे आणि शेजारच्यानं ती ओळखायची आहे: कुठला सण, कुठला ऋतू, कोण रागावलंय, काय हरवलंय. पहिल्या आठवड्यात सगळीच लेकरं लपवलेली गोष्ट चौथ्या ओळीत सांगून टाकतील. टाकू द्या. शेजारचा जेव्हा म्हणेल, ‘हॅ, हे तर लिहिलंयच की,’ तेव्हा ती ओळ त्यांची तीच खोडतील.